बुरशीचा रंग कोण ठरवतं? तिचं अन्न, की तिची शेजारीण?

जुलै महिन्यात पवनानगरला आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तुंग आणि तिकोना ढगात, धरणावर धुकं आणि घरात सगळीकडे ओल. अशा दिवसांत डब्यात विसरलेली तांदळाची भाकरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उघडली, की आत छोटंसं रंगकाम झालेलं असतं. एका कोपऱ्यात हिरवट ठिपका, मध्ये पांढरा कापूस, कडेला काळी भुकटी, आणि कधीकधी एखादा पिवळा किंवा गुलाबी डाग.

मी अशाच एका भाकरीचे दोन दिवस लागोपाठ फोटो काढले आणि फोटोवरून नाव सांगणाऱ्या एका ॲपला दाखवले. ॲपने पहिल्या दिवशी एक नाव सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठिपक्याला दुसरंच. चूक फक्त ॲपची नव्हती. ठिपका खरोखरच बदलला होता. बुरशीचा रंग हा आधार कार्डासारखा कायमचा पुरावा नसतो. ती काय खाते आणि तिच्या बाजूला कोण वाढतंय, यावर तो बदलतो.

हे नेमकं कसं होतं, ते या लेखात समजून घेऊ. शेवटी मोबाईलने हा रंग नीट कसा मोजायचा तेही पाहू. आणि रंग बघून "हे खाल्लं तर चालेल" असं का ठरवू नये, तेही.

थोडक्यात उत्तर

- बुरशीच्या पेशींमध्ये रंग बनवण्याची सोय असते, पण ती कायम चालू नसते.
- साखर, नायट्रोजन, तांब्यासारखे धातू आणि आंबटपणा यांच्यावर ती चालू-बंद होते.
- शेजारी दुसरी बुरशी आली तर अन्नही बदलतं आणि धोकाही वाढतो, त्यामुळे रंगही बदलू शकतो.
- रंग आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग नाही म्हणजे विष नाही, असं होत नाही.

रंग असतो कुठे?

बुरशी म्हणजे बारीक धाग्यांचं जाळं. हे धागे बहुतेक वेळा पांढरे किंवा रंगहीन असतात. आपल्याला दिसणारा रंग मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो.

पहिलं ठिकाण म्हणजे बीजाणू. बियांचं काम करणारे हे बारीक कण हवेत उडतात. पेनिसिलियमचा निळसर हिरवा, ॲस्परजिलस नायजरचा काळा आणि ट्रायकोडर्माचा गडद हिरवा रंग हा त्यांच्या बीजाणूंचा असतो. म्हणूनच ठिपका आधी पांढरा असतो आणि बीजाणू धरले की रंगीत होतो.

दुसरं ठिकाण म्हणजे धागे आणि त्यांच्या आसपासचं अन्न. काही बुरशा रंगद्रव्य धाग्यांत साठवतात, काही ते बाहेर सोडतात. मग भाकरी खालून पिवळी किंवा लाल दिसते.

यातली बरीच रंगद्रव्यं 'सेकंडरी मेटाबोलाइट' या गटात मोडतात. मराठीत त्यांना दुय्यम चयापचयजन्य पदार्थ म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर पोट भरण्यासाठी आणि वाढण्यासाठी ती लागत नाहीत. स्वतःचं रक्षण करायला, उन्हापासून वाचायला किंवा दुसऱ्याला हटकायला ती उपयोगी पडतात. पेनिसिलिन हे औषधही याच गटातलं आणि शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विषही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अन्न रंग कसा बदलतं?

१. साखर. ग्लुकोजसारखी सहज पचणारी साखर भरपूर असेल, तर अनेक बुरशा आधी फक्त वाढत सुटतात. ग्लुकोज आहे तोवर इतर बरीच जनुकं दाबून ठेवली जातात. साखर संपत आली, वाढ मंदावली, की दुय्यम पदार्थ बनवायला सुरुवात होते. पण हा नियम सगळ्यांना लागू नाही. अफ्लाटॉक्सिन बनवणाऱ्या ॲस्परजिलसला साखर मिळाली तर उलट विष वाढतं.

२. नायट्रोजन. इथे किती मिळालं याइतकंच कोणत्या रूपात मिळालं हेही महत्त्वाचं. भातावर रोग पाडणारी फ्युजॅरियम फुजिकुरोई ही बुरशी बघा. तिच्यामुळे भाताची रोपं नको तेवढी उंच आणि फिकट होतात. प्रयोगशाळेत तिला नायट्रोजन कमी आणि आंबट वातावरण दिलं की ती बिकाव्हेरिन नावाचं लाल रंगद्रव्य बनवते. नायट्रोजन भरपूर दिलं की हे लाल रंगाचं काम थांबतं. उजेडात ठेवलं तर ती कॅरोटिनॉइड गटातले केशरी रंग बनवते. म्हणजे बुरशी एकच, पण परिस्थितीप्रमाणे लाल, केशरी किंवा पांढरट.

याहून गमतीचं उदाहरण मोनॅस्कस या बुरशीचं आहे. चीनमध्ये शतकानुशतकं ती तांदळावर वाढवून लाल तांदूळ बनवतात. ही बुरशी आधी केशरी रंगद्रव्य बनवते. आजूबाजूला योग्य रूपातलं नायट्रोजन असेल, तर त्या रेणूतला ऑक्सिजनचा एक अणू जातो, त्या जागी नायट्रोजन बसतो आणि केशरीचा लाल होतो. मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे चायनीजच्या गाडीवर वापरतात ती पांढरी पूड, दिली तर लाल रंग चांगला येतो. अमोनियमचे क्षार दिले तर वातावरण आंबट होत जातं आणि रंग केशरी-पिवळ्याकडे राहतो. इथे अन्न नुसतं बटण दाबत नाही, तर अन्नाचा तुकडाच रंगाचा भाग होतो.

३. धातू. ॲस्परजिलस नायजरचे बीजाणू कोळशासारखे काळे असतात. पण अन्नात तांबं कमी पडलं तर ते काळे न होता पिवळसर-तपकिरी राहतात. काळा रंग पूर्ण करणाऱ्या एन्झाइमला तांबं लागतं, म्हणून असं होतं. मातीत पिकाला मिळण्याजोगं तांबं किती आहे, हे तपासायला शास्त्रज्ञांनी चक्क हीच बुरशी वापरली. मातीच्या नमुन्यावर ती वाढवायची आणि बीजाणू किती काळे झाले ते बघायचं. म्हणजे बुरशीच सेन्सर!

४. आंबटपणा. याचं माप म्हणजे पीएच. काही रंगद्रव्यं पीएचप्रमाणे स्वतःच रंग बदलतात, आणि काहींची जनुकं ठरावीक पीएचलाच चालू होतात. बुरशी स्वतःही आम्लं सोडून आजूबाजूचा पीएच बदलते, त्यामुळे चौथ्या दिवशीचं अन्न पहिल्या दिवशीचं राहत नाही.

शेजारीण आली की काय होतं?

आता भाकरीवर दोन बुरशा समोरासमोर आल्या आहेत असं समजा. तिथे तीन गोष्टी एकाच वेळी घडतात.

पहिली, अन्नावरून ओढाताण. जी जलद वाढते ती साखर आणि नायट्रोजन आधी संपवते आणि दुसरीवर उपासमार येते. आपण वर पाहिलं, की उपासमार हाच कित्येक रंगांचा इशारा असतो.

दुसरी, थेट हल्ला. शेतकरी बियाण्याला लावतात त्या ट्रायकोडर्माचंच उदाहरण घ्या. ती दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांना वेढे घालते आणि त्यांच्या भिंती विरघळवणारे एन्झाइम सोडते. यावर उपाय म्हणून काही बुरशा धाग्यांच्या भिंतीत मेलॅनिन भरतात. आपल्या केसांना काळा रंग देणारं द्रव्य ज्या गटातलं, त्याच गटातलं हे. मेलॅनिन असलेली भिंत अशा एन्झाइमना सहजासहजी दाद देत नाही.

याचा पुरावा लाकडात दिसतो. पावसात पडून राहिलेला आंब्याचा ओंडका करवतीने कापला, की आत पेनाने काढल्यासारख्या वेड्यावाकड्या काळ्या रेषा कधीकधी दिसतात. अनेकदा त्या दोन बुरशांच्या हद्दी असतात. आपल्या वाट्याचं लाकूड राखण्यासाठी बुरशीने घातलेलं ते मेलॅनिनचं कुंपण. परदेशात असं लाकूड मुद्दाम तयार करून त्याच्या वाट्या आणि पेनं बनवतात. याला 'स्पॉल्टिंग' म्हणतात.

तिसरी गोष्ट म्हणजे अनपेक्षित मदत. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोनॅस्कसला एकटं वाढवलं आणि मग यीस्टबरोबर वाढवलं. पाव फुगवायला वापरतात तेच हे यीस्ट, तेही बुरशी-कुळातलंच. सोबत वाढवल्यावर मोनॅस्कसच्या धाग्यांचं रूप बदललं आणि लाल रंग वाढला. यीस्टने सोडलेले एन्झाइम मोनॅस्कसच्या भिंतीवर काम करतात, हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. शेजारणीने टोचलं आणि रंग खुलला!

मग कारण कोणतं, अन्न की शेजार?

इथे खरी अडचण येते. शेजारीण आली की ती अन्न खाते, पीएच बदलते आणि रसायनंही सोडते. सगळं एकदम बदलतं. अशा वेळी "शेजारणीमुळे रंग आला" असं म्हणणं म्हणजे एकाच वेळी दहा फाइल बदलून "ही ओळ बिघडली" म्हणण्यासारखं आहे. आमच्या कामात असं केलं तर सिनियर ओरडतात.

म्हणून प्रयोगशाळेत किमान चार बशा लावतात:

- बुरशी एकटी, अन्न भरपूर
- बुरशी एकटी, अन्न कमी
- बुरशी आणि शेजारीण, अन्न भरपूर
- बुरशी आणि शेजारीण, अन्न कमी

रंग दुसऱ्या आणि चौथ्या बशीत आला तर कारण उपासमार. तिसऱ्या आणि चौथ्या बशीत आला तर कारण शेजार. फक्त चौथ्यात आला तर दोन्ही एकत्र लागतात. आणि पाचवी बशीही उपयोगी पडते. शेजारणीने ज्यात वाढ केली ते द्रव गाळून घ्यायचं आणि त्यात ती नसताना पहिल्या बुरशीला वाढवायचं. तरीही रंग आला तर इशारा त्या द्रवात आहे, प्रत्यक्ष स्पर्शात नाही.

पवनेच्या काठावरचा दाखला: पिंपरी

पवना धरणातून सुटलेलं पाणी नदीतून खाली पिंपरी-चिंचवडला जातं. त्याच पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत मिळाली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचं नाव पेनिसिलियम क्रायसोजेनम. क्रायसोजेनम म्हणजे सोनेरी रंग देणारी, कारण ती एक पिवळं रंगद्रव्य बाहेर सोडते.

पेनिसिलिनचा इतिहास म्हणजे खरं तर बुरशीच्या जेवणाचा इतिहास आहे. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या सरकारी प्रयोगशाळेत मक्याचे दाणे भिजवून उरलेलं घट्ट पाणी बुरशीला दिलं गेलं. त्यात नायट्रोजन होतं आणि इतर पोषक द्रव्यंही. जोडीला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, वापरली. लॅक्टोज हळूहळू पचते, त्यामुळे बुरशी नुसती फोफावत बसत नाही आणि पेनिसिलिन बनवत राहते. पुढे ग्लुकोज थेंबाथेंबाने सोडूनही तेच साधायला लागलं.

पण पिवळं रंगद्रव्य औषधात उतरायचं आणि शुद्ध करताना डोकेदुखी व्हायची. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी बुरशीत बदल घडवून असा वाण निवडला, ज्यात पिवळा रंग नव्हता पण पेनिसिलिन होतं. या एका गोष्टीत आपल्या लेखाचं सार आहे. एकाच बुरशीत रंगाची सोय वेगळी आणि औषधाची वेगळी. एक बंद झाली तरी दुसरी चालू राहू शकते. हेच विषालाही लागू आहे.

रंग बघून विष ओळखता येतं का?

नाही. आणि हे फक्त प्रयोगशाळेतलं ज्ञान नाही.

१९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागात अवेळी पावसाने भिजलेला मका लोकांनी खाल्ला. त्यात अफ्लाटॉक्सिन होतं. शंभराहून अधिक माणसं यकृत निकामी होऊन दगावली. घरात दुसरं धान्य नव्हतं म्हणून बुरशी लागलेला मका खावा लागला, अशी ही गरीब कुटुंबं होती.

हे विष बनवणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस पिवळट हिरवी दिसते. पण तिचे कित्येक वाण तितकेच हिरवे असूनही विष बनवत नाहीत. अमेरिकेत मक्याच्या आणि कापसाच्या शेतात असे बिनविषारी वाण मुद्दाम सोडतात, म्हणजे ते जागा अडवतात आणि विषारी वाणाला अन्न मिळत नाही. दिसायला दोघेही सारखेच. शिवाय बुरशीचे बीजाणू झटकून किंवा धुऊन टाकले तरी आत गेलेलं अफ्लाटॉक्सिन तसंच राहतं, आणि नेहमीच्या शिजवण्याने ते पूर्ण नष्ट होत नाही.

मोनॅस्कसच्या बाबतीतही १९९५ मध्ये कळलं, की तिचे काही वाण सुंदर लाल रंगाबरोबर सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विषही बनवतात. तेव्हापासून रंगासाठी वाण आणि अन्न निवडताना सिट्रिनिनही तपासावं लागतं.

म्हणून घरात साधा नियम पाळा. भाकरी, पाव, भात, आमटी अशा ओल्या किंवा मऊ पदार्थावर बुरशी दिसली तर हिरवा भाग काढून उरलेलं खाऊ नका, सगळंच टाका. न दिसणारे धागे आतवर गेलेले असतात. सुरकुतलेले, काळपट किंवा कडवट लागणारे शेंगदाणे वेचून फेका. धान्य साठवण्याआधी नीट वाळवा.

मोबाईलने रंग मोजायचा तर

तुम्हाला हे स्वतः बघायचं असेल, तर बंद पिशवीतला छोटा प्रयोग करता येतो. दम्याचा त्रास असेल तर मात्र हा प्रयोग करू नका.

- एकाच भाकरीचे सारखे तुकडे करा. काहींवर पाण्याचे, काहींवर साखरेच्या पाण्याचे आणि काहींवर लिंबू-पाण्याचे तेवढेच थेंब टाका. प्रत्येक प्रकारच्या किमान तीन पिशव्या करा.
- झिप लॉकच्या पारदर्शक पिशवीत बंद करा, तारीख लिहा. नंतर पिशवी अजिबात उघडायची नाही. शेवटी तशीच दुसऱ्या पिशवीत घालून टाका.
- रोज एकाच वेळी, एकाच जागी, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. शेजारी कोरा पांढरा कागद फ्रेममध्ये हवाच.
- कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, आयएसओ आणि शटर कायम ठेवा. फिल्टर, ब्युटी मोड आणि एचडीआर बंद करा.

कागद कशासाठी? फोन प्रत्येक फोटोला स्वतःच्या मनाने 'सुंदर' करतो, आणि उजेड बदलला की आकडेही बदलतात. समजा खिडकीच्या उजेडात कागदाचे लाल, हिरवा, निळा हे आकडे २२०, २२०, २२० आणि डागाचे ११०, १३२, ११० आले. पिवळ्या बल्बखाली कागद २२०, २००, १५० आणि डाग ११०, १२०, ७५. नुसते डागाचे आकडे बघितले तर रंग बदलला असं वाटेल. पण डागाला कागदाने भागा. दोन्ही वेळा ०.५, ०.६, ०.५ येतं. रंग तोच आहे, फक्त बल्ब बदलला. फोटोच्या फाइलमधले आकडे उजेडाच्या अगदी सरळ प्रमाणात नसतात, म्हणून हा अंदाज समजा. तरी नुसत्या डोळ्यापेक्षा बरा.

एक मर्यादा मात्र मोठी आहे. घरच्या पिशवीत कोणत्या बुरशीचे बीजाणू पडले हे आपल्याला माहीत नसतं. साखरेच्या तुकड्यावर वेगळा रंग आला, तर तीच बुरशी वेगळी वागली असेल किंवा वेगळीच बुरशी जिंकली असेल. प्रयोगशाळेत म्हणूनच ओळख पटवलेल्या शुद्ध बुरशीपासून सुरुवात करतात. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत बुरशांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगांना लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

धिंगरी मशरूमच्या पिशवीत हिरवे डाग का पडतात?
बहुतेकदा ती ट्रायकोडर्मा असते. मावळात भाताचा पेंढा भरपूर, त्यामुळे बरेच जण धिंगरी लावून बघतात. उत्पन्न वाढावं म्हणून पेंढ्यात जास्त कोंडा घातला आणि पेंढा नीट निर्जंतुक झाला नसेल, तर ते जादा अन्न आधी हिरव्या बुरशीला मिळतं. ती सुरुवातीला पांढरी असल्यामुळे धिंगरीचीच वाढ वाटते. हिरवी दिसते तेव्हा बीजाणू धरलेले असतात, म्हणून ती पिशवी न उघडता लगेच बाकीच्यांपासून दूर न्या.

काळी बुरशी हिरवीपेक्षा जास्त घातक असते का?
रंगावरून असं सांगता येत नाही. एकाच रंगाच्या अनेक जाती असतात, आणि एकाच जातीचे वाणही वेगळे वागतात.

मग फोटोवरून ओळखणारी ॲप निरुपयोगी आहेत का?
कुतूहलासाठी ठीक. पण खाण्याचा निर्णय त्यांच्यावर सोडू नका. खात्रीने ओळखायला सूक्ष्मदर्शक, शुद्ध वाढ आणि डीएनए तपासणी लागते.

पुढच्या वेळी डब्यात रंगीत भाकरी सापडली, तर फोटो जरूर काढा. तो ठिपका तुम्हाला बरंच काही सांगतोय: इथे साखर संपली, इथे आंबट झालं, इथे हद्दीवरून भांडण झालं. फक्त ती भाकरी खायची का, याचं उत्तर मात्र त्या रंगात नाही. ती टाका आणि डबा गरम पाण्याने घासून कोरडा करा.